उंबऱ्यावरचं दही

पर्यटनाच्या जाहिराती बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची गरजच उरली नव्हती. मुक्कामाच्या प्रत्येक खोलीत एक सौम्य लहर पाहुण्याच्या मेंदूत एखादी चव किंवा वास अर्धाच जागवून सोडून देई. उरलेला अर्धा पुढच्या गावी मिळे, आणि तिथे नवा अर्धा मागे लागे. गाण्याची पुढची ओळ आठवेपर्यंत चैन पडू नये, तसा माणूस आपणहून पुढे जाई. शास्त्रज्ञ याला 'सांधा' म्हणत. लोक म्हणत, पायाला भिंगरी लागली.

शरद दाभोळे निवृत्तीनंतर चार दिवस म्हणून गेले, ते तिसरं वर्ष लागलं तरी फिरतच होते. बायकोला फोनवर म्हणायचे, "मृणाल, थकलो गं. पाय सुजलेत. एवढं पुढचं गाव करतो नि येतो."

हे ऐकून ऐकून विटलेल्या मृणालताई शेवटी सांधे जुळवणाऱ्या डॉ. पारसनीसबाईंकडे गेल्या.

"आमचं सांगलीचं घर जोडा तुमच्या मुक्कामांच्या साखळीत."

"जोडते. पण फक्त तिथेच पुरी होईल अशी एखादी चव सांगा," बाई म्हणाल्या. त्याही दमलेल्या दिसत होत्या. अशी विनंती त्यांना नवी नव्हती.

मृणालताईंनी विचारही केला नाही. "दही. हे प्रवासाला निघाले की उंबऱ्यावर मी हातावर दही ठेवते. माणूस सुखरूप परत यावा म्हणून."

महिन्याभरात शरदराव आले. वाळलेले, दाढी वाढलेली. उंबऱ्याबाहेरच थांबून त्यांनी तळहात पुढे केला. मृणालताईंनी रडत रडत दही ठेवलं. त्यांनी ते चाटलं, चेहरा निवला, आणि ते फाटकाकडे वळले.

"अहो, घरात या की."

"निघायला हवं. येतो हं."

मृणालताईंनी सगळं सांगितल्यावर पारसनीसबाई फोनवर म्हणाल्या, "मलाही सुचायला हवं होतं. मेंदूला आपली इच्छा कळत नाही, ताई. दही चाटल्यावर दरवेळी काय घडलं, तेवढंच तो शिकतो. त्यांच्या मेंदूत ती निघायची चव आहे."

"आता?"

"साखळी त्यांना फिरवून पुन्हा आणेल. तेव्हा दही देऊ नका, म्हणजे जाणार नाहीत. पण घरातही येणार नाहीत. उंबऱ्यावर उभे राहतील."

ते पुन्हा आले, या वेळी काठी टेकत. मृणालताईंनी दही दिलं नाही. उन्हं उतरेपर्यंत त्या त्यांच्याशेजारी दंड धरून उभ्या राहिल्या. तीन वर्षांत ते इतका वेळ जवळ नव्हते, आणि मृणालताईंना, लाज वाटली तरी, बरं वाटत होतं.

त्यांचा तळहात अजून पुढेच होता.

"मृणाल, दे ना गं," ते म्हणाले. "दमलो."

मृणालताई वाटी आणायला आत गेल्या.