फळ्यावरची पाचवी ओळ

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर बंडूजी अठ्ठावीस वर्षं दिनविशेष लिहीत आले होते. रोज सकाळी त्यांची बायको प्रमिला वहीतून वाचायची आणि ते लिहायचे. कुणाचा जन्म, कुणाचं निधन, कुठे तह झाला, कुठे पूल खुला झाला. "साऱ्या जगाचे जन्मदिवस लिहिता," ती हसायची, "माहाच तेवढा राह्यला." तिची खरी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती, शाळेत मास्तरांनी एक जुलै लिहून टाकली होती. आता तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

बारा नोव्हेंबरच्या सकाळी बंडूजींनी नेहमीसारख्या चार ओळी लिहिल्या, आत जाऊन वर्तमानपत्रं मांडली आणि बाहेर आले. खाली पाचवी ओळ होती.

'जन्म : १९५२ – प्रमिला, तळेगाव.'

खडू त्यांच्याच खिशात होता. अक्षर वेडंवाकडं, नुकतंच लिहायला शिकल्यासारखं. पुसायला हात धजेना. अर्ध्या तासात ते तिच्या माहेरच्या, तळेगावच्या एसटीत बसले होते.

प्रमिलाची थोरली बहीण शकुबाई ओट्यावर लसूण सोलत होती. तारीख ऐकताच तिचे हात थांबले.

"तुमाले कोनं सांगतलं, बंडूजी?"

"म्हणजे खरी हाय?"

"बापानं दारामांगं चुलीतल्या कोयशानं लिहून ठेवली होती. मांगून मायनं पुसली." तिनं लसणाचं सूप बाजूला सारलं. "दोघी झाल्या होत्या. दुसरी दिवस मावळाच्या आंधी गेली. नाव बी नाई ठेवलं."

"प्रमिलाले काऊन नाई सांगतलं?"

"मायनं आन घातली होती. म्हने, पोरगी जनमभर तिले हुडकत राहीन."

परतताना खिडकीबाहेर कापूस फुटलेला होता. बंडूजींना वर्ध्याचा बाजार आठवला. चालता चालता प्रमिला थांबायची, मागे वळून पाहायची. कोण आहे विचारलं तर म्हणायची, "कोनी नाई."

चारच्या उन्हात ते फळ्याशी उभे राहिले. इतकी निधनं लिहिली, हे एक राहून गेलं होतं. वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं :

'निधन : १९५२ – प्रमिलाची जुळी बहीण, तळेगाव.'

डोळे भरून आले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

रस्त्यावर कुणी नव्हतं.

ओळ जागेवर होती. फक्त 'निधन' हा शब्द गेला होता. थुंकी लावून लहानशा बोटाने पुसावा तसा. तेवढी जागा अजून ओली होती.