उपप्रश्न

"आज तुम्ही तोंड उघडायचं नाही. कळलं?"

सभागृहाच्या दारातच तिने त्याला अडवलं. विद्यापीठात संगणकशास्त्रावर सर्वांसाठी खुली व्याख्यानं भरवायची सगळी खटपट तिची, आणि त्यांचा विचका करायचा मक्ता या जनावरांच्या डॉक्टरचा! पाहुणे बोलून थांबले रे थांबले की याचा हात वर. मग एक प्रश्न, त्याला तीन उपप्रश्न, आणि त्यात कुठून तरी मांजर आणायचंच. "यंत्राला कळेल का हो, मांजर खरंच लंगडतंय की ढोंग करतंय?" पोरांनी त्याचं नावच 'उपप्रश्न' ठेवलं होतं.

"पण मॅडम..."

"पण नाही नि बिण नाही! कुलगुरू आलेत. व्याख्यानं चालू ठेवायची की गुंडाळायची, ते आज ठरणार आहे."

त्याने शहाण्यासारखी मान हलवली. वर हसला मेला!

व्याख्यान छान झालं. तिने माइक उचलला. "कुणाला काही विचारायचंय?"

कुणी हूं की चूं करेना. पाहुणे पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. कुलगुरू घड्याळाकडे बघू लागले. आणि हा? हाताची घडी घालून छताकडे बघत बसलेला!

"डॉक्टर," शेवटी ती दातओठ खात म्हणाली, "विचारा ना... काहीतरी."

त्याने विचारलं. मांजर आलंच. सभागृह खो खो हसलं, पाहुणे खुलले आणि भराभर हात वर झाले. जाताना कुलगुरू म्हणाले, "पुढच्या वर्षीही होऊ द्या."

सभागृह रिकामं झालं. ती माइकची वायर गुंडाळत होती. तो दुसरं टोक धरून उभा राहिला.

"उपकार केल्यासारखं बघू नका हं," ती म्हणाली.

"छे! संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही. पण पहिल्या व्याख्यानाला कुणीच काही विचारलं नव्हतं... तुमचा चेहरा एवढासा झाला होता. मला नाही बघवलं."

आता हा राग ठेवायचा तरी कुठे, तेच तिला कळेना.

"मग एवढं लांबण कशाला लावायचात?"

"तेवढा वेळ तुम्ही फक्त माझ्याकडे बघायचात."

"रागानं!"

"चालायचं मला."

"अहो, पण मग इतक्या दिवसांत... सरळ मलाच काही विचारावं, हे नाही सुचलं?"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. कान लालेलाल झाले. मोठमोठ्या विद्वानांना धारेवर धरणारा हा माणूस, आणि आता एक शब्द फुटेल तर शपथ!

तिने कपाळाला हात लावला.

"हो," ती म्हणाली. "उत्तर 'हो' आहे. प्रश्न सावकाश विचारा."