सात फुटी बैलाचं आवतन

इशिता आणि सहदेवची पहिली भेट बैलाच्या पोटात झाली. बैल लाकडी, सात फुटी. शेपटीकडच्या शिडीनं खांद्यावर चढायचं, मानेवरून घसरत खाली यायचं. गावच्या अंगणवाडीसाठी तो अकोल्याच्या इशितानं कागदावर काढला होता आणि धामणगाव रेल्वे इथल्या सहदेवनं, शेती सांभाळून, घडवला होता. ती खिळे तपासायला आत शिरली, तर तो आत बसून डबा खात होता.

"मी याचा बाप," तो म्हणाला. "तुमी?"

"मी... याची आई."

मग दोघंही खिळे मोजू लागले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जिल्हा परिषदेचे साहेब बघायला येणार होते. मुलं खेळली तर आणखी सहा अंगणवाड्यांत बैल, म्हणजे आणखी सहा महिने एकत्र काम. नाहीतर इशिता कायमची अकोल्याला. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघंही फक्त पॉलिशबद्दल बोलत.

त्या सकाळी अंगणवाडीच्या पार्बताबाईंनी बैलाला ओवाळलं, नारळ फोडला आणि बजावलं, पोळ्याच्या तोंडावर बैलाला पाय लावायचा नाही. बावीस मुलं रांगेनं घसरगुंडीच्या पाया पडली. साहेबही पडले. मग म्हणाले, मंदिर चांगलं आहे, पण घसरगुंडी कुठे आहे?

सहदेवनं इशिताकडे पाहिलं, मग पार्बताबाईंकडे.

"मावशी, याची खांदेमळणी कोन करीन?"

आजच्या दिवशी बैलाचा खांदा हळद-लोण्यानं चोळायचा असतो; पार्बताबाईंनी लगेच वाटीत हळद-लोणी कालवलं. पण खांदा वर होता. शिडीत त्या मावत नव्हत्या.

चार वर्षांची चंदा लोणी घेऊन चढली. निम्मं चोळलं, निम्मं खाल्लं, रीतीप्रमाणे बैलाला सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," आणि खांद्यावर बसली. पुढचं लोण्यानं केलं. ती थेट साहेबांच्या पायांशी आली. मग प्रत्येकानं वर चढून बैलाला आवतन दिलं, काहींनी पाच-पाचदा. बैलच उतरवून देतो तर आपण कोण, असं पार्बताबाई म्हणाल्या. हळद लागलेल्या पँटनिशी साहेबांनी सहाही बैल मंजूर केले.

संध्याकाळी स्टेशनवर सहदेव सागवानाबद्दल बोलत होता. गाडी लागली तरी सागवानच. इशितानं बोटांवर उरलेली हळद त्याच्या खांद्याला पुसली.

"आज आवतन घ्या," ती म्हणाली, "उद्या जेवाले या."

"हे तं बैलाले म्हंतात."

"हो ना," ती डब्यात चढत म्हणाली. "आई-बाबा घरीच आहेत... पुरणपोळी आहे."

गाडी सुटली. सहदेव प्लॅटफॉर्मवर उभा राहून मान डोलावत राहिला. गळ्यात घुंगरमाळ नव्हती, एवढंच.