पाचवा प्रश्न

"मावशी, गठ्ठा गेला! कपाटाला कुलूप तसंच, आणि आतून अख्ख्या वर्गाच्या उत्तरपत्रिका गायब!"

सहाय्यिका रडवेली झाली होती. ती विद्यापीठात पीएचडी करायची आणि सरांच्या हाताखाली पेपर तपासायची. दुसऱ्या गावी तिला नोकरी लागली होती. उद्या हजर व्हायचं होतं, पण गठ्ठा हाती आल्याशिवाय सर तिला सोडणार नव्हते.

मावशी नावाजलेल्या गुप्तहेर. भाचा त्यांचा मदतनीस. पिशवी धरण्यात तरबेज, अकलेने बेताचा.

"तपासून झाले होते?" मावशींनी विचारलं.

"सगळ्यांना तसंच सांगितलंय. पण मी आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासते, मग सगळ्यांचा दुसरा. म्हणजे कुणावर अन्याय नको. शेवटचा, पाचवा प्रश्न राहिला होता. घरीच तपासते, सकाळी आणून कुलपात ठेवते."

"किल्ली?"

"दारामागच्या खिळ्याला. कुणीही घ्यावी."

खोलीत दोन टेबलं होती आणि पाठीला पाठ लावलेल्या दोन खुर्च्या. शंका विचारायला येणाऱ्यांसाठी तिसरीही होती, पण तिच्यावर धूळ साचलेली. ती पाहून भाच्याला उगाच उदास वाटलं.

सर भडकलेच होते. "तपासून तयार झालेला गठ्ठा हरवते म्हणजे काय!"

दोनदा नापास झालेला रिपीटर हसला. "मी कशाला नेऊ? माझा पेपर कोराच होता. तो तपासला काय नि न तपासला काय!"

दुसऱ्या खुर्चीवरचा सहाय्यक इतका अबोल, की सगळे त्याला मौनीबाबा म्हणत. तो खाली बघून पुटपुटला, "वाईट झालं. बिचारीचा पाचवा प्रश्न तेवढा राहिला होता."

"रिपीटरच!" भाचा मावशींच्या कानाशी लागला.

मावशींनी सरांना आणि रिपीटरला बाहेर पाठवून दार लोटून घेतलं. आत चौघंच उरले.

"काम संपलं असंच सगळे समजत होते," त्या म्हणाल्या. "एखादी अर्धवट पत्रिका पाहणाऱ्याला वाटेल, एवढीच राहिली. सगळ्यांचाच पाचवा राहिलाय, हे कळायला अख्खा गठ्ठा चाळावा लागतो. तुम्ही कधी चाळलात, मौनीबाबा?"

त्याने आपला खण उघडला.

सहाय्यिकेने वरची पत्रिका उचलली, मग खालची. प्रत्येकीत पाचव्या प्रश्नाला पेन्सिलीने गुण दिलेले होते.

"हे तू केलंस?"

"वाटलं, गठ्ठा नसला तर तू जाणार नाहीस. मग लाज वाटली, पण परत ठेवायचा धीर होईना. म्हणून निदान तुझं काम तरी..."

"इतकी वर्षं पाठीमागे बसलास. एकदा बोलायचंस तरी!"

"तू कामात असायचीस."

"मीही तुझ्याबद्दल तेच समजत होते," ती म्हणाली.

"सरांना काय सांगू?" मावशींनी हळूच विचारलं.

"सांगा, माझ्याच खणात होता," सहाय्यिका म्हणाली.

तिने पेन काढलं, खुर्ची वळवली आणि त्याचे गुण गिरवायला घेतले. त्यानेही खुर्ची वळवली.

भाच्याने जाताना मागे वळून पाहिलं. दोन्ही खुर्च्या पहिल्यांदाच समोरासमोर आल्या होत्या. उद्यापासून त्यातली एक रिकामी राहणार होती.