मुळासकट

मुळाशिवाय नमुना म्हणजे मुंडक्याशिवाय धड, असं सुमंत विद्यार्थ्यांना दर वर्षी बजावायचा. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात वीस वर्षं घातलेला माणूस. नरखेडच्या पुढे सागाच्या जंगलात ती बिनपानांची जांभळी फुलं दिसताच त्याने पिशवीतून खुरपं काढलं. वाट दाखवायला आलेल्या म्हाताऱ्या बायजाबाईने त्याचा हात धरला.

"वरून फूल खुडा, साहेब. दाढ दुखली का आमी तेवढंच नेतो. मुळाले हात नाही लावत."

"काहून?" सुमंतने गमतीने तिच्याच बोलीत विचारलं.

"कोनाच्या तोंडात हात घालते का कोनी?"

सुमंत हसला आणि त्याने रोप उपटलं. मुळावर पांढरे, टणक खवले होते. पुढे बारके, मागे रुंद, मोजून वीस. बायजाबाई पाठ फिरवून गावाकडे चालू लागली.

शहरात, नंदनवन वस्तीतल्या घरी त्याने रोप वर्तमानपत्रांत घालून वजनाखाली ठेवलं. कागद रोज बदलायचा, तर रोज तो ओला आणि लाळेसारखा चिकट निघायचा. दमट हवा, दुसरं काय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

चौथ्या दिवशी त्याच्या सहा वर्षांच्या लेकीने, ताराने, पोळीचा घास तसाच बाहेर काढला. त्याच्या बायकोने, प्रेमलताने, तिचं तोंड उघडून पाहिलं. रक्त नाही, जखम नाही, नुसत्या गुळगुळीत हिरड्या. दातांच्या डॉक्टरांनी दोनदा एक्स-रे काढला. जबड्यात पुढे येणाऱ्या दातांचाही पत्ता नव्हता.

"हिला दात आले होते ना नक्की?" त्यांनी विचारलं.

तारा कशीबशी पेज गिळायची. "पप्पा, शोधून द्या ना," एवढंच म्हणायची. आठवड्याने सुमंतने शास्त्र ठेवलं बासनात आणि रोप घेऊन एसटी धरली.

"परत लावतो," त्याने बायजाबाईपुढे हात जोडले. "चुकलं माझं."

"जागा रिकामी कुठी हाय?" ती म्हणाली.

तिने त्याला जंगलात नेलं. त्याच खड्ड्यात नवं रोप फुललं होतं.

तो गुडघ्यांवर बसला. बोटांनी माती सारली.

वीस दात. स्वच्छ, पांढरे.

उपटावं, तर पोरीचं आणखी काय जाईल? सोडावं, तर घरी कुठल्या तोंडाने जायचं? त्याला हुंदका फुटला. तो खाली वाकला.

मातीतून ताराच्या स्ट्रॉबेरीच्या टूथपेस्टचा ताजा वास येत होता. घरी ती ट्यूब आठ दिवसांत कोणी उघडली नव्हती.