ठमीच्या डोक्यातली आवराआवर

सदतीसवरून छत्तीस, मग साडेपस्तीस. अंडी उबवायच्या पेटीतलं तापमान घसरत होतं आणि ठमी ढिम्म. "ठमी, हीटर वाढव," मी तिसऱ्यांदा म्हणाले. मिनिटभराने उत्तर आलं, "ऐकते... आहे..."

ठमी म्हणजे आमची रोबो. पेटी तीच सांभाळते. आत आमच्या काळी नावाच्या कोंबडीची बारा अंडी होती. काळीला मुंगसाने नेलं, तेव्हापासून मीच त्यांची आई. आज विसावा दिवस. उद्या पिल्लं यायची, आणि आजच या बयेला अपडेट (जुन्या प्रोग्रॅमच्या जागी नवा बसवणं) सुचलं. मी तिचं बटण बंद करायला धावले.

"हात मागे घे, ऋता," रोहिणीआत्या दारातून म्हणाली. रोबो बनवण्यात तिचं आयुष्य गेलंय. तिने आधी पेटीवर गोधडी टाकली, हवेची भोकं तेवढी उघडी ठेवली.

"दिवाळीत फळीवरचे सगळे डबे खाली काढले, की स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरते का? ठमीचं तेच चाललंय. ती लिनक्सवर (यंत्र चालवणारी एक मूळ प्रणाली) चालते. कुठला नवा प्रोग्रॅम कशावर अवलंबून आहे, ते ठरवायला सगळा पसारा रॅममध्ये (कामापुरत्या तात्पुरत्या जागेत) मांडून बसलीय."

"पण इतकी हळू का?"

"रॅम भरली. मग उरलेले डबे गच्चीवर, म्हणजे डिस्कवर (कायमच्या साठ्यात). दर डब्यासाठी जिना चढायचा. आणि मध्येच बंद केलंस, तर अर्धे डबे खाली, अर्धे वर. पुन्हा उठलीच नाही तर?"

पस्तीस. मला रडूच आलं. "मग मी करू काय?"

"जागा अडवून कोण बसलंय ते बघ."

मी ठमीच्या पडद्यावर यादी उघडली. मैत्रिणींना अंडी दाखवणारा कॅमेरा, आणि पिल्लांना करमावं म्हणून दिवसभर चालणारी गाणी. दोन्ही मीच लावलेली. करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी दोन्ही बंद केली.

थोड्या वेळाने ठमी म्हणाली, "हीटर वाढवला." छत्तीस. सदतीस. अपडेट संपायला अजून दहा मिनिटं होती. "सावकाश होऊ दे," मी तिला म्हटलं.

पेटी अगदी गप्प झाली होती. मग मीच गोधडी जरा सारून पेटीच्या काचेला तोंड लावून गुणगुणायला लागले. त्याला ठमीची रॅम लागत नाही. गाणं अर्ध्यावर असताना कोपऱ्यातल्या अंड्यावर आतून टकटक झाली.