व्हालब्रीसचं भांडं

रविवारी संध्याकाळी ऋता भांडं परत द्यायला निघाली होती. काम एवढंच. सिंगापुरातल्या बुओना व्हिस्टाच्या तिच्याच कॉन्डो इमारतीत वरच्या मजल्यावर मादाम ओदिल एकट्या राहायच्या. त्यांनी सफरचंदाचा टार्ट पाठवला होता, कथलाच्या जुन्या खोलगट भांड्यात, आणि देताना बजावलं होतं, "परत देताना रिकामंच दे."

पण हे अनघामावशीला कोण पटवणार? नोकरी लागल्यापासून ऋता मावशीकडे राहत होती. मावशीला सिंगापूरची पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळून जमाना झाला, पण तिच्या रीतीभाती पुण्यातून तसूभर हलल्या नव्हत्या.

"मावशी, त्यांनी स्पष्ट सांगितलंय, रिकामं!"

"भिडेखातर म्हणतात गं तसं. शेजारणीचं भांडं रिकामं पाठवतं का कुणी?"

"त्या फ्रेंच आहेत."

"मग? फ्रेंचांना लाडू वर्ज्य आहेत?"

ऋताने भांड्यातले सगळे लाडू उचलून डब्यात टाकले, चपला सरकवल्या आणि मावशीने हातात दिलेलं भांडं घेऊन तरातरा निघाली. म्हाताऱ्या माणसांना सांगितलेलं एक ऐकू येत नाही, असं मनात म्हणत.

मादामच्या घरात एसी बंद होता, खिडक्या उघड्या होत्या, तरी गारवा होता. ओल्या दगडाचा वास येत होता. भिंतीवर एका छोट्या गावाचं चित्र होतं. नदी, पूल, उतरत्या छपरांची घरं आणि वर टेकडीवर किल्ल्याचा एकुलता बुरूज.

"व्हालब्रीस. माझं गाव," मादाम म्हणाल्या.

ऋताने विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. फार जुन्या काळी शत्रूने किल्ल्याला वेढा घातला. आतली माणसं उपाशी मरायला टेकली. मग रोज संध्याकाळी मागच्या तटावरून दोरीने एक रिकामं भांडं खाली यायचं. गावकरी लपतछपत त्यात असेल ते भरायचे, भांडं वर जायचं. हिवाळाभर असं चाललं. वसंतात वेढा उठला, गावाने किल्ल्याचा दरवाजा फोडला...

"आणि?"

"आतले सगळे मेलेले होते. हिवाळ्याच्या सुरुवातीलाच."

"मग भांडं...?"

"आदल्या संध्याकाळीसुद्धा आलं होतं. पुसून लख्ख."

खाली कुठेतरी मुलं पोहत होती, त्यांचा गलका ऐकू येत होता. मादामचा आवाज चढला नाही की उतरला नाही. पुढे राज्यक्रांतीत किल्ला पाडला, म्हणाल्या. त्याच्याच दगडांवर अर्धं गाव उभं राहिलं. भांडी मात्र घरोघर येतच राहिली. रिकामी ठेवली की आपोआप जायची. एकदा एका विधवेला दया आली. तिने भांडं भरलं आणि म्हणाली, आत या, पोटभर जेवा. सकाळी तिच्या घरात ताटल्या नीट मांडलेल्या होत्या, चाटूनपुसून स्वच्छ. ती कुठेच नव्हती.

"हे त्यांतलंच एक. मला वाटलं, इतक्या समुद्रांपार येऊन त्यात काय उरणार..."

"आणलंय मी रिकामंच," ऋता हसून म्हणाली आणि तिने भांडं पुढे केलं.

तळाशी चिमूटभर साखर होती. ऋता चपला घालत होती, तेवढ्यात मावशीने हळूच घातलेली. अगदीच रिकामं नको म्हणून.

मादामने डोळे मिटले. "कोणी घातली?"

"मावशीने."

"मग ती किल्ल्यातली माणसं तुझ्या मावशीकडे येतील. तिला सांग, पुन्हा काही द्यायचं नाही. आणि आत तर..."

दोघींनी पुन्हा भांड्यात पाहिलं. तळ लख्ख होता.

ऋता जिन्याने धावत खाली आली. दार उघडंच होतं. मावशी ताटं मांडत होती. घरातली सगळी ताटं.

"अगं, मादामकडे पाहुणे आलेत, बोलली नाहीस ते! एक बाई येऊन गेली दाराशी. असलंच भांडं, रिकामं. तोंडातून शब्द नाही. किती वाळलेली गं! हात बर्फासारखा. मी साबुदाण्याची खिचडी भरून दिली."

"मावशी... अजून काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, सगळेच या जेवायला."

"चल. आत्ताच्या आत्ता बाहेर चल!" ऋताने तिचा दंड धरून ओढलं.

"वेडी का काय तू? पाहुण्यांना बोलवायचं आणि घराला कुलूप लावायचं?"

"मावशी, पाया पडते तुझ्या..."

समोर लिफ्ट थांबली. दार उघडलं. आत ट्यूबलाइटचा पांढरा उजेड होता आणि कोणी म्हणजे कोणी नव्हतं. पण माणसं जास्त झाली की लिफ्ट ओरडते ना, तशी ती एकसुरात ओरडत होती.

मग ओरडणं थांबलं.

मावशीने दंड सोडवून घेतला, ओढणी सारखी केली आणि हसून म्हणाली, "या, या... चपला राहू द्या."

ती दार धरून एका अंगाला सरकली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. एवढ्या माणसांना आत यायला वेळ लागणारच.